सावडण्याला बोलताना

लोणंद,
सर्वपित्री अमावस्या

चि. ताईस,


तुझं पत्र मिळालं. गावात कुणी गेलं की सावडण्याला, दहाव्याला दोन शब्द बोलायला आता तुला बोलावतात, आणि बाईमाणसानं स्मशानात उभं राहून बोलायचं म्हणून दोन-चार जण कुरकुरतात, असं तू लिहिलंस. आज घरोघरी म्हाळाची गडबड आहे. ती आटोपून निवांत लिहायला बसलोय.

आधी कुरकुरीचं बघू. सावित्रीबाई फुले आपल्याच खंडाळा तालुक्यातल्या, नायगावच्या. जोतीराव पुण्यात २८ नोव्हेंबर १८९० ला गेले. आपल्याला जाळू नये, मिठात पुरावं, अशी त्यांची इच्छा होती. घराच्या मागं खड्डासुद्धा खणून ठेवला होता. नगरपालिकेनं वस्तीत पुरायला परवानगी दिली नाही, म्हणून दहन करायचं ठरलं. मग टिटवं, म्हणजे विस्तवाचं मडकं, कुणी धरायचं यावरून तंटा सुरू झाला. यशवंत दत्तक मुलगा, त्याला भाऊबंद आडवे आले. तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवं स्वतःच्या हातात घेतलं, अंत्ययात्रेच्या पुढं चालल्या आणि नवऱ्याला अग्नी दिला. त्यांच्या तालुक्यातली लेक आज स्मशानात चार शब्द बोलते, यात कुणाला वावगं वाटायचं कारण नाही. फक्त हे उदाहरण तिथं भांडायला काढू नकोस. मयताच्या घरी वाद जिंकून काही हाती लागत नाही. तुझं बोलणं त्या घराच्या कामाचं ठरलं, की पुढच्या वेळी तेच लोक तुला निरोप धाडतील.

आता मुख्य गोष्ट. या कामात बोलणं सगळ्यात शेवटी येतं. आधी त्या घरी जाऊन बसावं लागतं. आदल्या संध्याकाळी जा. ओसरीवर पुरुष बसलेले असतील, त्यांच्यात टेकू नकोस, सरळ आत जा. तू बाई आहेस, तुला कुणी अडवणार नाही. मला हे कधी साधलं नाही, मी उंबऱ्याशी बसून आतला आवाज ऐकायचो.

आत जुन्या बाया हेल काढून रडत असतील. शिकलेल्या पोरींना त्याचा संकोच वाटतो. तू मात्र कान देऊन ऐक, कारण गेलेल्या माणसाचं सगळं चरित्र त्या रडण्यात असतं. बहात्तरच्या दुष्काळात त्यानं कुणाच्या घरी पायलीभर ज्वारी पोचती केली, बहिणीच्या बाळंतपणाला कसा रातोरात चालत गेला, विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी काय बोलला. यातल्या बहुतेक बाया दुसऱ्या दिवशी स्मशानात येत नाहीत. म्हणजे ज्यांना सगळं ठाऊक त्या घरी राहतात आणि ज्यांना फारसं ठाऊक नाही त्यांच्या हातात माईक जातो. आपल्याकडची श्रद्धांजलीची भाषणं पोकळ होतात ती यामुळं, असं माझं ठाम मत आहे. तू त्यांचं ऐकून गेलीस, तर त्या घरी असूनही त्यांचा शब्द नदीवर पोचेल.

प्रश्न विचारताना 'माणूस कसा होता' असं विचारू नकोस. सगळे 'चांगला होता' म्हणतात आणि बोलणं तिथंच खुंटतं. इथल्या कांदाबाजारातला एक हमाल गेला, तेव्हा त्याच्या बायकोला मी विचारलं, कामावरून आल्यावर पहिलं काय करायचे? ती म्हणाली, आकडा बाहेर ठेवायचे. पोती ओढायचा तो लोखंडी आकडा. थोरलं पोर रांगायला लागलं त्या दिवसापासून त्यानं आकडा उंबऱ्याच्या आत आणला नाही. पाऊस असो की थंडी, बाहेर वळचणीला खोचून मगच घरात पाय टाकायचा. पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, नातवंडं आली, तरी आकडा बाहेरच. सावडण्याला यार्डातले हमाल जमले होते, त्यांच्यापुढं मी एवढंच सांगितलं. कष्टाळू, प्रेमळ, मनमिळाऊ यातला एकही शब्द वापरला नाही. त्या प्रत्येकाच्या घरी असाच एक आकडा होता, त्यांना दुसरं काही सांगावंच लागलं नाही.

वाई तालुक्यात किकलीला जाऊन ये. भैरवनाथाच्या देवळापाशी पुष्कळ वीरगळ आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा. त्या माणसाचं शिक्षण, स्वभाव, सोयरसंबंध काही कोरलेलं नाही. एकच प्रसंग कोरलाय, ज्यात तो पडला. आपण बोलतो तेव्हाही एकच प्रसंग घ्यावा. पाच मिनिटांच्या पुढं जाऊ नये. पंचायत समिती, सोसायटी, पतसंस्था, कारखाना अशी वक्त्यांची रांग लागते आणि गेलेल्याचा म्हातारा भाऊ उन्हात उभा असतो. घरच्यांना आदल्या दिवशीच सांग, की दोघांचीच नावं ठरवा. ते मोकळे होतात, त्यांना कुणीतरी हे सांगायला हवंच असतं.

नाव नीट विचारून घे. सातबाऱ्यावर एक असतं, गाव दुसऱ्याच नावानं हाक मारतं. दोन्ही घे. सुनांची आणि जावयांची नावं घेताना कुणी सुटलं, तर ते वर्षानुवर्षं मनात राहतं.

अवघड मरणांविषयी तू विचारलंस. दारूनं गेलेला बाप, कर्जापायी फास घेतलेला तरणा शेतकरी. तिथं खोटं कौतुक करू नकोस. पोरं समोर उभी असतात आणि त्यांनी सगळं बघितलेलं असतं. दोषही काढू नकोस. एखादी खरी गोष्ट सापडेपर्यंत घरी बसून राहा, ती सापडतेच. फास घेतलेल्याबद्दल बोलताना तो कसा गेला याचं वर्णन कधी करू नकोस आणि 'सुटला' असं तर चुकूनही म्हणू नकोस. ऐकणाऱ्यांत त्याच विचारात असलेला आणखी कुणी असू शकतो. त्यापेक्षा सगळ्यांसमोर सांग, की ज्याला रात्र जड जाते त्यानं शेजाऱ्याचं दार वाजवावं, आणि आज जमलेल्यांनी ते उघडावं. आणि तान्हं मूल गेलं असेल तर भाषण नकोच. आईजवळ जाऊन बस.

कावळ्याबद्दल तू थोडं तोडून लिहिलंयस. तुझा विश्वास नाही, ठीक आहे. पण पिंडाला कावळा शिवेना म्हणजे काय होतं ते बघ. थोरला मुलगा हात जोडून मोठ्यानं म्हणतो, धाकटीचं लग्न मी करीन. भाऊ म्हणतो, बांधाचं भांडण आजपासून मिटलं. एरवी वर्षानुवर्षं जे तोंडातून निघत नाही ते अख्ख्या गावासमोर निघतं आणि गाव साक्षीला असतं. शेवटी दर्भाचा कावळा करतातच. तेवढा वेळ गप्प उभी राहा आणि कोण काय कबूल करतंय ते लक्षात ठेव.

बायकोच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, ते मात्र गप्प बसून बघू नकोस. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ही प्रथा बंद करायचा ठराव केला आणि सरकारनं बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. ठराव कागदावर असतो, मयताच्या दारात म्हाताऱ्यांचा हात पुढं येतो तेव्हा तो आठवत नाही. म्हणून आधीच त्या बाईला एकटीला गाठून हळूच विचार, तुला काय पाहिजे? ती नको म्हणाली, तर गावातली एखादी वडीलधारी बाई तिच्या शेजारी बसव. तुझ्या भाषणापेक्षा हे मोठं काम आहे.

ज्या घराची जी रीत, ती त्यांची. माळकऱ्याच्या घरी टाळ-मृदंग असतील तर भजन संपल्यावर बोल. बौद्ध घरी बौद्धाचार्य त्रिशरण-पंचशील घेतात, पुण्यानुमोदनाला मग आठवणी सांगतात. आपण त्यांना विचारून उभं राहावं. लिंगायत घरी पुरतात, जंगम असतात. कुणाला मंत्रांचा अर्थ मराठीत समजून विधी हवा असेल तर पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीची पोथी सुचव. तिथं कितीतरी वर्षं बायका पौरोहित्य करतात, अंत्येष्टीसुद्धा. कुरकुरणाऱ्यांना हेही एकदा सहज सांगून ठेव.

राखेचं विचारतील. नीरेत सोडायची की शेतात? आषाढात माउलींच्या पादुकांना याच नीरेत स्नान घालून पालखी आपल्या जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्कामी राहते. त्या पाण्यात पोतंभर राख आणि हारांचं प्लास्टिक टाकू नये असं मला मनापासून वाटतं. आता बरीच घरं बांधाला खड्डा घेऊन त्यात राख घालतात आणि वर आंबा नाहीतर चिंच लावतात. नदीचाच आग्रह असेल तर चिमूटभर सोडा, बाकीची रानात. झाड लावलं तर पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार हे तिथंच नाव घेऊन ठरव. नाहीतर वर्षश्राद्धाला काठी तेवढी उरते.

पैशाचं: तुला पगार आहे, काही घेऊ नकोस. जे प्रवचनावर पोट भरतात ते घेतात, त्यात गैर काही नाही, त्यांना नावं ठेवू नकोस.

आणि एक वही कर. बायांनी सांगितलेलं सगळं भाषणात येत नाही. उरलेलं घरी येऊन लिहून काढ, त्यांच्याच शब्दांत, आणि वर्षश्राद्धाला तो कागद त्या घरी दे. फोटोला हार घालून झाला की नातवंडं विचारतात, आजोबा कोण होते, काय करायचे. तेव्हा घरात वाचायला काहीतरी असावं. पहिला कागद लिहून झाला की मला पाठवायची घाई करू नकोस. आधी त्या घरच्या सुनेला वाचून दाखव आणि ती जे खोडायला सांगेल ते खोड.

आईला नमस्कार सांग. पोरांना पापे.

तुझा,
मामा