दुखणे कोणाच्या नावावर

पावा नगरीतील मल्लांनी ‘उब्भतक’ नावाचे नवे सभागृह बांधले आणि त्याचा पहिला वापर तथागतांच्या हस्ते व्हावा म्हणून त्यांना आमंत्रण दिले, ही हकीकत दीघनिकायाच्या संगीतिसुत्तात आलेली आहे. रात्र बरीच होईपर्यंत धर्मकथा सांगून झाल्यावर बुद्धांनी मल्लांना निरोप दिला. भिक्षुसंघ मात्र अजून जागा आणि उत्सुक आहे असे पाहून त्यांनी आपला शिष्य सारिपुत्त याला पुढचे प्रवचन करण्यास सांगितले, कारण त्यांची स्वतःची पाठ दुखू लागली होती आणि त्यांना ती थोडी ताणून आडवे व्हायचे होते. मग संघाटीची, म्हणजे वरून पांघरायच्या चीवराची, चौघडी घालून ते उजव्या कुशीवर पहुडले. कपिलवस्तूला शाक्यांच्या नव्या सभागृहात असाच प्रसंग घडल्याचे मज्झिमनिकायात नमूद आहे. तेथे बोलण्याचे काम आनंद या शिष्याकडे आले. धर्मानंद कोसंबींनी पालि वाङ्मय मराठी वाचकाच्या हाती दिले त्याला आता बराच काळ लोटला, तरी मारविजयाची, म्हणजे मोहात पाडू पाहणाऱ्या माराला बुद्धांनी जिंकल्याची, चित्रे घरोघर लागतात आणि ही पाठदुखी कोणी कोणाला सांगत नाही.

दुःखाचे मूळ सापडले आणि ते समूळ उपटले असा ज्यांचा दावा, त्यांच्याच पाठीत कळ यावी, यात पूर्वीच्या संकलकांना संकोच वाटला असता तर तेवढा मजकूर गाळणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी तो गाळला नाही, दोन निरनिराळ्या ठिकाणी राहू दिला, आणि त्यामुळे एक जुना प्रश्न आपल्यापुढे अगदी उघडावाघडा होऊन उभा राहिला: दुखणे कोणाच्या नावावर लावायचे? देहाच्या नावावर लावावे, तर देह जड, त्याला ‘दुखते’ हे कळावे कसे. आणि जाणणाऱ्याच्या नावावर लावावे, तर ज्याला हाड नाही, स्नायू नाही, त्याची पाठ दुखते म्हणजे नेमके काय होते?

माझ्याकडे हा प्रश्न ग्रंथांतून आला नाही, खुर्चीतून आला. उभा जन्म दफ्तरात गेला, आणि दफ्तराबाहेरचा जो वेळ उरला तो बिघडलेले रेडिओ, ॲम्प्लिफायर आणि लोकांनी माळ्यावर टाकलेले टेपरेकॉर्डर दुरुस्त करण्यात. म्हणजे दिवसा फायलींवर वाकायचे आणि रात्री सर्किटबोर्डावर, असा पाठीच्या दृष्टीने दुहेरी जुलूम मी वर्षानुवर्षे निर्वेधपणे चालवला. दुखण्याची पहिली कैफियत पाठीने दिलीच नाही, ती डाव्या टाचेने दिली. टाच चोळली, शेकली, पादत्राणे बदलली, आणि टाचेचा काहीएक अपराध नसताना तिची यथेच्छ चौकशी केली. खुर्ची बदलून मिळावी म्हणून रीतसर अर्जही केला; त्यावर शेरे पडत गेले, वैद्यकीय दाखला मागवण्यात आला, आणि अखेरीस ‘तूर्त तरतूद नाही’ असा हुकूम होऊन प्रकरण दाखल दफ्तर झाले. त्या कचेरीचे नाव घेण्यात स्वारस्य नाही, कारण सगळ्या कचेऱ्यांच्या खुर्च्या मला एकाच झाडाच्या वाटत आल्या आहेत.

टाच निर्दोष आहे हे खरे म्हणजे मला इतरांच्या आधी कळायला हवे होते. पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास, सुटे भाग विकणाऱ्या दुकानांच्या गर्दीत एक वयोवृद्ध कारागीर बसत असे, आणि त्याच्याकडून मिळालेला पहिला धडा हाच होता. “साहेब, आवाज जिथं फाटतो तिथं फॉल्ट शोधू नका. तिथून मागं मागं जा,” असे तो म्हणे, आणि पुढचा शब्द न बोलता हातातले काम चालू ठेवी. कर्ण्यातून खरखर येते म्हणून कर्णा बदलणारे गिऱ्हाईक त्याला रोज भेटत असले पाहिजे. खरखरीचा उगम बहुधा वीजपुरवठ्याच्या भागात, नाहीतर एखाद्या सांध्यात असतो. लाकडी पेन्सिलीच्या टोकाने बोर्डावर हलके ठोके देत गेले की एका विवक्षित जागी सेट अंग चोरल्यासारखा करतो. तेथे भिंग धरले की पिनेभोवतीच्या डाखात केसाएवढी वर्तुळाकार भेग दिसते, आणि भोवतालचा धातू चकचकीत रुपेरी असण्याऐवजी राखेसारखा निस्तेज झालेला असतो. यालाच कारागीर ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. जुना डाख तांब्याच्या विणलेल्या फितीत शोषून घ्यायचा, किंचित राळ लावायची, पिन आणि पट्टी दोन्ही एकदम तापवायची, आणि मग तार टेकवायची. कथिल ६३ भाग आणि शिसे ३७ भाग असले तर ते मिश्रण १८३ अंश सेल्सियसला एकाएकी वितळते, क्षणभर पाऱ्यासारखे पसरते आणि पिनेच्या अंगाने वर चढून थिजते. युरोपने २००६ पासून अशा उपकरणांतून शिसे वर्ज्य केले, ते योग्यच आहे. पण त्या एका क्षणाच्या मोहाने जुने हात अजून शिशाची तार सोडत नाहीत.

कण्याचा मामला वरवर पाहता याच जातीचा आहे. कमरेच्या पाच मणक्यांपैकी शेवटच्या दोहोंच्या आसपासची चकती सरकून मज्जातंतूच्या मुळाशी भिडली की फिर्याद पोटरीत किंवा टाचेत उठते, गुन्हा घडलेला असतो कमरेत. बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोघा डॉक्टरांनी १९३४ मध्ये हा संबंध प्रबंधरूपाने मांडला आणि तेव्हापासून पायाच्या कळेसाठी कण्याकडे पाहण्याचा शिरस्ता पडला. स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून दाब मोजला आणि उभ्या माणसापेक्षा बसलेल्याच्या चकतीवर अधिक, आणि वाकून बसलेल्याच्या चकतीवर त्याहूनही अधिक दाब असतो असे दाखवले. पुढच्या मोजण्यांत उभे राहणे आणि बसणे यांतले अंतर बरेच कमी भरले, पण वाकणाऱ्याला कोणत्याच मोजणीने अभय दिलेले नाही. देहाला यंत्र म्हणणे आपल्या परंपरेलाही अपरिचित नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायातला ईश्वर भूतमात्रांना यंत्रावर चढवल्याप्रमाणे फिरवतो, आणि ऐंशीव्या वर्षी बुद्धांनीही आपल्या शरीराला पट्ट्यांनी आवळून कसाबसा चालवलेल्या जुन्या गाड्याची उपमा दिली होती.

पण हे साम्य एका ठिकाणी मोडते, आणि माझ्या मते तत्त्वविचाराला तेथूनच आरंभ होतो. १९९४ मध्ये अमेरिकेत ज्यांना पाठदुखी मुळीच नव्हती अशा ९८ माणसांच्या कण्यांची एमआरआय चित्रे काढली, तेव्हा सर्व चकत्या निर्दोष असलेली माणसे त्यांत अवघी ३६ टक्के निघाली. बाकीच्यांच्या चकत्या कोठे ना कोठे फुगलेल्या किंवा सरकलेल्या, आणि माणसे मात्र खुशाल हिंडतफिरत होती. उलटपक्षी, चित्रात बोट ठेवण्याजोगे काही नसताना रात्ररात्र तळमळणारे रुग्णही प्रत्येक दवाखान्यात असतात. माझ्या मेजावरच्या सेटच्या बाबतीत असे संभवत नाही. त्याचा बिघाड म्हणजेच त्याची तक्रार. सेट उत्तम चालतो आणि तरी त्याला ‘दुखते’, असे वाक्य उच्चारलेही जात नाही. मीटरची एक कांडी येथे आणि दुसरी तेथे लावली की व्होल्ट कळतात, ओहम कळतात, पण कळ मोजायला दुसरी कांडी लावण्याची जागाच नाही, कारण कळ आणि कळ जाणणारा यांच्यामध्ये मीटर शिरेल एवढी फट नसते.

नैयायिकांनी याची नोंद फार काटेकोरपणे केली आहे. देह हे त्यांच्या मते भोगायतन, म्हणजे भोग ज्या ठिकाणी घडतो ते ठिकाण. सुख आणि दुःख हे मात्र आत्म्याचे गुण, आणि ते ज्याचे त्यालाच मनाच्या द्वारे प्रत्यक्ष होतात, इतरांना त्यांचे केवळ अनुमान. दुखणे आत्म्याच्या नावावर, देहाकडे फक्त जागेचा उतारा. सांख्यांनी हीही जबाबदारी पुरुषावर ठेवली नाही. दुःख हा बुद्धीचा, पर्यायाने प्रकृतीचा विकार, आणि पुरुष निव्वळ साक्षी. सांख्यांची ही मांडणी मला तरुणपणी विलक्षण आकर्षक वाटे. आता तिच्याकडे पाहताना संशय येतो की त्यांचा पुरुष हा मेजाच्या पलीकडे बसलेला कारागीर आहे: सेट जळाला तरी त्याला चटका बसत नाही, फार तर गिऱ्हाईक जाते.

कारागिराचा पहिला नियम असा की खोलण्याआधी सेट विजेपासून तोडावा. तोडल्यावरही थांबावे, कारण २३० व्होल्टांच्या प्रवाहातून एकदिश वीज करणाऱ्या भागातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टांपर्यंतचा भार पिन काढल्यानंतरही दडून राहतो, आणि तो रोधकातून उतरवून घेतल्यावाचून बोट लावणारा दुसऱ्या वेळी बोट लावायला उरेलच असे नाही. माझ्या पाठीच्या बाबतीत मी हा नियम पाळू शकत नाही. झोप किंवा भूल सोडली तर माझी वीज तोडण्याची सोय नाही, आणि त्या दोन्ही अवस्थांत दुरुस्ती करणारा ‘मी’ हजर नसतो. जो बिघडला आहे त्यालाच, चालू प्रवाहात, स्वतःला उघडून पाहायचे असते. साक्षित्वाचा उपदेश खोटा आहे असे मी म्हणत नाही. डाव्या पायात कळ उतरत असताना तो करून पाहावा आणि मग त्याविषयी लिहावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

कळ आली की ‘कोणाला’ याच्या मागोमाग ‘कशामुळे’ हा प्रश्न येतो, आणि येथे धार्मिक माणसाची जीभ फार लवकर सुटते. अपदानात बुद्धांच्या पाठदुखीचेही कारण दिलेले आहे: पूर्वजन्मी कुस्तीत त्यांनी एका मल्लाला जायबंदी केले होते, त्याचे ते फळ. परंतु त्याच परंपरेत संयुत्तनिकायाचे एक लहानसे सुत्त आहे, ज्यात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक विचारतो की माणसाला जे जे भोगावे लागते ते सारे पूर्वकर्मामुळेच, हे मत कसे काय. आणि बुद्ध ते मत स्वच्छ नाकारतात. पित्त, कफ, वात, तिघांचा सन्निपात, ऋतुपालट, विषम परिहार, बाह्य आघात, आणि आठवे कर्म, अशी वेदनेची कारणे ते मोजतात. मिलिंदपञ्हात नागसेनही मिलिंद राजाला हीच यादी ऐकवतो. या आठांतला विषम परिहार, म्हणजे देहाची वेडीवाकडी, अनियमित वागवणूक, वाचताना मला माझी दफ्तरातली बैठकच कोणीतरी पाहून ठेवल्यासारखी वाटली. कर्माला आठांत एक जागा दिली, आठही दिल्या नाहीत, यात मला मोठा विवेक दिसतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या भोवतीचे तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते. तो उष्णतेच्या शेजारी कोणी बसवला हे विचारणे कारागिराला आवश्यक आहे, गेल्या जन्मी तो कोण होता हे विचारणे आवश्यक नाही.

वेदान्ती येथे प्रारब्धाचा दाखला देतील: ज्ञान झाले तरी सुटलेला बाण आपला वेग संपेपर्यंत जाणारच, म्हणून जीवन्मुक्ताचाही देह आजारी पडतो. बाण बौद्धांकडेही आहे, फक्त त्यांचे दोन आहेत. पहिला देहात लागतो, आणि तो लागल्याबद्दल शोक, संताप, भीती करीत अज्ञ माणूस स्वतःला दुसरा लावून घेतो. या दुसऱ्या बाणाची मला फार चांगली ओळख आहे. खुर्चीच्या अर्जावरचा शेरा वाचून जी कळ आली ती चकतीतून आलेली नव्हती. पूर्वी पाठ धरलेल्या माणसाला डॉक्टर आठवडेच्या आठवडे अंथरुणावर खिळवून ठेवीत. आता बहुतेक जण झेपेल तितके उठा, चाला, कामाला लागा असे सांगतात, कारण हालचालीची धास्ती हीच पुष्कळदा दुखणे लांबवते असे आढळले आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायातले आसन फार उंच नाही आणि फार सखल नाही. पतंजलींच्या आसनात स्थैर्य आणि सुख दोन्ही असून ते प्रयत्न शिथिल केल्याने साधते. मेज किती उंच असावे याविषयी आजचे तज्ज्ञ जे पानेच्या पाने लिहितात, त्यात यापेक्षा फारसे अधिक काही मला सापडलेले नाही, एवढेच की ते मधूनमधून उठायला सांगतात, आणि योग्याला ती मुभा नव्हती.

राहता राहिला मोक्ष. नैयायिकांचा मोक्ष म्हणजे दुःखाची आत्यंतिक निवृत्ती, आणि दुःखाबरोबर सुखाची व ज्ञानाचीही, कारण हे सगळेच आत्म्याला देहसंबंधाने चिकटलेले गुण. हा तर दगड होण्याचा उपदेश झाला, असा टोमणा श्रीहर्षाने नैषधीयचरितात मारून घेतला आहे. वीज तोडून माळ्यावर ठेवलेल्या सेटमध्ये खरखर नसते, घरघर नसते, कसलाही फॉल्ट प्रकट होत नाही. नैयायिकांची मुक्ती मला त्या सेटसारखी दिसते, आणि तर्काच्या बाजूने तिच्यात कोठे भेग काढता येत नसली तरी तिच्यासाठी अर्ज करावा असे वाटत नाही. माझ्या स्वतःच्या कण्याच्या एमआरआय चित्रात कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली चकती फुगलेली आहे. डॉक्टरांनी ते चित्र उजेडावर धरले, मला खोलीभर चालायला लावले, टाचांवर उभे केले, चवड्यांवर उभे केले, आणि शस्त्रक्रियेची तूर्त गरज नाही असा निर्वाळा दिला. पासोड्या विठोबाजवळच्या त्या कारागिराकडे मी एकदा किंचित घुमणारा पण उत्तम वाजणारा सेट घेऊन गेलो होतो, तेव्हा त्याने तो उघडायलाच नकार दिला होता. “चालतोय ना साहेब? मग स्क्रू कशाला काढता?”