बिननावाचे दगड

सह्याद्रीच्या मुख्य धारेवरून पूर्वेकडे उतरणाऱ्या लहान नद्यांनी जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांचा पश्चिम भाग लांबट पट्ट्यांत विभागला आहे. पुष्पावती, कुकडी, मीना आणि घोड या त्यांतल्या प्रमुख नद्या असून त्यांचे पाणी शेवटी घोडेतून भीमेला मिळते. त्यांच्या खोऱ्यांना जुन्या व्यवहारात ‘नेर’ म्हणत, म्हणून मीनेचे खोरे ते मिन्नेर आणि घोडेचे ते घोडनेर. या प्रदेशात हिंडायला येणाऱ्यांची नजर मात्र सहसा वर, डोंगरमाथ्याकडे असते. शिवनेरी, चावंड, हडसर, निमगिरी आणि जीवधन हे किल्ले इतके जवळजवळ आहेत की दोन-तीन दिवसांत ते ‘करून’ टाकण्याची चाल पडली आहे, आणि त्या घाईत किल्ल्यांच्या दरम्यानची सपाट वाट, म्हणजे भातखाचरांचे बांध, ओढ्याचा काठ, गावतळे आणि वेशीजवळचे देऊळ, ही केवळ गाडीने ओलांडायची मधली जागा ठरते. प्रस्तुत निबंधाचा विषय ही मधली जागा आहे. कारण या भूमीवर माणसांनी एकमेकांची आठवण कशी ठेवली, याचा बराचसा पुरावा माथ्यावर नसून पायवाटेलगत आहे.

या वाटेवर सर्वांत जुनी स्मृती पाण्याशी बांधलेली आढळते. जुन्नरच्या परिसरातील लेणी खोदणाऱ्यांनी कातळात पाण्याची टाकीही खोदली, आणि अशा टाक्याला प्राकृत शिलालेखांत ‘पोढी’ हा शब्द येतो. नाणेघाटातील एका लेखात सोपाऱ्याच्या गोविंददासाने पोढी दान केल्याची नोंद आहे. सोपारा म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याजवळचे प्राचीन बंदर, तेव्हा कोकणातून घाट चढून येणाऱ्या व्यापारी जगाशी संबंध असलेल्या माणसाने घाटमाथ्यावर वाटसरूंसाठी पाण्याची सोय केली, असा त्याचा सरळ अर्थ लागतो. जुन्नरच्या लेण्यांतील दुसऱ्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीक वा पश्चिमेकडून आलेल्या परदेशी माणसाने, दोन पोढ्या दिल्याचे कोरले आहे. हे लेख आकाराने लहान आहेत, त्यांत स्तुती नाही, दात्याचे नाव आणि दिलेली वस्तू एवढाच मजकूर. तरीही सुमारे दोन हजार वर्षांनंतर गोविंददास आणि इरिल ही माणसे नावानिशी उरली आहेत. चावंडवरील सात टाक्यांचा समूह, शिवनेरीवरील गंगा-जमुना टाकी, मंचरची बारव, म्हणजे पायऱ्यांनी तळापर्यंत उतरता येणारी विहीर, ही पाणस्थळेही याच परंपरेतली; दात्याच्या नावाचे भाग्य मात्र त्यांतल्या प्रत्येकाला लाभलेले नाही.

नाणेघाटात गोविंददासाच्या लेखाजवळच एक विलक्षण प्रकार पाहायला मिळतो. तेथील गुहेच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेशी संबंधित असलेला ब्राह्मी लिपीतला दीर्घ लेख आहे; 1828 साली विल्यम साइक्स याने या गुहेकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. अश्वमेधासारखे यज्ञ आणि त्यांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे व कार्षापण नाणी यांचा हिशेब त्यात आहे. मागच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्यातील व्यक्तींच्या उठावाच्या प्रतिमा होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर तिचे नाव कोरले होते: सिमुक, सातकर्णी, नागनिका, राजकुमार. आज प्रतिमा नाहीत, पायांचे अवशेष तेवढे दिसतात. नावे मात्र वाचता येतात. सत्तेने आपली ओळख दोन मार्गांनी जपू पाहिली, आणि त्यांतला अक्षरांचा मार्ग टिकला.

घाटमाथ्यावरून खाली खोऱ्यात उतरले की याच्या नेमके उलट चित्र दिसते. देवळाच्या आवारात, पाराखाली, कधी तळ्याच्या बांधावर उभे किंवा कललेले जे कोरीव दगड असतात त्यांना वीरगळ म्हणतात. लढताना मेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभारलेली ही शिळा, आणि महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळ शिलाहार-यादव काळातील किंवा त्यानंतरचे मानले जातात. निमगिरीच्या पायथ्याशी तर त्यांचा मोठा समूहच आहे. वीरगळ तळापासून वर वाचायचा असतो. सर्वांत खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो, म्हणजे कथेचा आरंभच मृत्यूने होतो. त्यावरच्या चौकटीत ढाल-तलवारीची झुंज असते आणि पुष्कळदा मागे गाई दिसतात, ज्यावरून ही लढाई राज्यासाठी नसून गावाची पळवून नेलेली जनावरे सोडवण्यासाठी झाली, हे कळते. त्याहून वर अप्सरा वीराला स्वर्गात नेतात. आणि शेवटच्या चौकटीत तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला असतो. माथ्यावर कलश, त्याच्या दोन्ही अंगांना चंद्र आणि सूर्य, ते आहेत तोवर ही कीर्ती राहो या अर्थाने. शेजारी कधी सतीशिळा असते, जिच्यावर बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला एक हात कोरलेला असतो. त्या हाताच्या बाईविषयी दगड याहून अधिक काही सांगत नाही, आणि तिच्या संमतीचा प्रश्न तर शिल्पकाराला पडलेलाच दिसत नाही.

या सगळ्यात नाव सहसा कोठेही नसते. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर एक अक्षरही कोरलेले नाही, आणि चेहरा तर सर्वांचा एकसारखाच असतो. कर्नाटकात परिस्थिती पुष्कळ वेगळी आहे. तेथील वीरगळांवर राजा, वर्ष, गाव आणि लढाईचे कारण यांचे लेख वारंवार सापडतात, इतके की दहाव्या शतकातील आतकूरच्या शिळेवर रानडुकराशी झुंजून मेलेल्या काली नावाच्या कुत्र्याचेही नाव शाबूत आहे. मराठी मुलखात कुत्र्याचे सोडा, माणसाचेही नाव सहसा सापडत नाही. बोरिवलीजवळच्या एक्सर येथील वीरगळांवर जहाजांची लढाई कोरली आहे, त्यामुळे प्रसंगाचा थोडा तर्क तरी करता येतो. जुन्नरच्या खोऱ्यांतील साध्या गोरक्षणाच्या शिळांबाबत तेवढाही आधार मिळत नाही.

लेखनाच्या अभावाचे कारण केवळ निरक्षरतेत शोधणे पुरेसे नाही, कारण याच काळातले दानलेख महाराष्ट्रात विपुल आहेत. दानलेख हा अनोळखी वाचकासाठी असतो; उद्या येणाऱ्या राजाने वा अधिकाऱ्याने जमीन काढून घेऊ नये म्हणून त्यात नावे आणि सीमा नोंदवाव्या लागतात. वीरगळाचा वाचक गावातलाच होता, त्याला दगड कोणाचा हे ठाऊक होते, आणि ती माहिती पुढच्या पिढीला तोंडी मिळेल हे गृहीत धरले होते. गृहीतक काही पिढ्यांपुरते खरे ठरले असावे. नंतर घराणी हलली, दुष्काळ पडले, आणि शिळा तेवढी उरली. पुढे गावाने तिला शेंदूर लावून देव केले. पुरातत्त्वाच्या अभ्यासकाला हे खटकते, पण ज्या शिळांना शेंदूर लागला त्या पायरीत किंवा बांधात चिणल्या गेल्या नाहीत, हेही मान्य करावे लागते.

विसाव्या शतकातील युरोपने मृतांच्या स्मरणाचा हाच प्रश्न उलट्या टोकाकडून सोडवला. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडच्या खेड्याखेड्यांत, तळ्याकाठी वा चर्चसमोर, मृतांच्या नावांचे स्तंभ उभे राहिले; चेहरा नाही, प्रसंग नाही, फक्त नावांची यादी. पुणे जिल्ह्यातच खडकी येथे त्या युद्धकाळात भारतात मरण पावलेल्या 1,800 हून अधिक सैनिकांची नावे एका स्मारकावर आहेत, आणि त्यांच्या कबरी मात्र देशभर इतरत्र विखुरलेल्या आहेत. नाव अचूक, पण जागा दुसरीच. वीरगळाचे बलस्थान नेमके येथे आहे: तो मृत्यू कोणाचा हे सांगत नसला तरी कोणत्या गावाचा हे सांगतो. शिळा खिंडीच्या तोंडाशी आहे की पाणवठ्यालगत, तिच्यावर गाई आहेत की घोडेस्वार, शेजारी एक शिळा आहे की वीस, यांतून त्या गावावरच्या संकटाचे स्वरूप थोडेफार उमगते, आणि हे उमगण्यासाठी त्या वाटेने पायी जाणे, पाणी किती अंतरावर आहे आणि खिंड कोठे उघडते हे पाहणे आवश्यक असते. गुरे हाकत जाणाऱ्या टोळीचा वेग हाही चालण्याचाच वेग होता.

जिंकणाऱ्यांची स्मारके वेगळी असतात. सतराव्या शतकाच्या मध्यास जुन्नर भागातील महादेव कोळ्यांनी मोगली अंमलाविरुद्ध उठाव केला, तो मोडल्यावर पकडलेल्यांची शिवनेरीवर कत्तल झाली, आणि त्या जागी बांधलेल्या चौथऱ्याला ‘काळा चबुतरा’ म्हणतात, अशी परंपरा आहे. दहशतीसाठी बांधलेला तो चौथरा आज त्याच समाजाचे श्रद्धास्थान झाला आहे. बांधणाऱ्याचा हेतू पार उलटला, आणि न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. 1870 च्या दशकात सावकारांविरुद्ध बंड करणाऱ्या आंबेगावातील जांभोरीच्या होनाजी केंगले यांचे नाव तर सरकारी दप्तरात दरोडेखोर म्हणून नोंदले गेले, म्हणजे शत्रूच्या कागदाने ते जपले.

घोडेच्या खोऱ्यात स्मृती आणि पाणी यांची गाठ पुन्हा पडते. म्हाळुंगे पडवळ येथे 1908 साली जन्मलेला गिरणी कामगार बाबू गेनू 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत विदेशी कापडाचा ट्रक अडवताना त्याखाली चिरडून मारला गेला. डिंभे धरणाच्या जलाशयाला ‘हुतात्मा बाबू गेनू सागर’ हे नाव आहे, आणि ज्या आंबेगावावरून तालुक्याचे नाव पडले ते जुने गाव याच जलाशयाखाली गेले. तालुक्याचे ठाणे घोडेगावला आहे. एका शेतकरी घरातल्या मुलाचे नाव धारण करणाऱ्या पाण्याने शेतकऱ्यांचीच घरे घेतली, ही विसंगती काठाने चालणाऱ्याला टाळता येत नाही. पूर्वेकडच्या तालुक्यांतील बागायत या पाण्यावर उभी आहे, हेही तितकेच खरे आहे. विस्थापितांसाठी गोविंददासाच्या लेखाएवढी चार शब्दांची शिळा काठावर उभारणे अवघड नव्हते, आणि अजूनही नाही.

अलीकडे वीरगळांविषयी आस्था वाढली आहे. अनेक गावांत तरुण मंडळी ते मातीतून काढून, धुऊन, देवळासमोर सिमेंटच्या ओट्यावर ओळीने बसवतात. हेतू चांगला असला तरी मूळ जागा एकदा सुटली की बिननावाच्या दगडाजवळ असलेला एकमेव पत्ताही जातो, आणि मागे उरते ते केवळ शिल्प. तेव्हा या खोऱ्यांतून हिंडणाऱ्यांनी आणि ग्रामपंचायतींनी प्रथम एक साधी वही करावी: दगड कोणत्या वाटेवर आहे, पाण्यापासून किती पावलांवर आहे, त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे, चौकटींत काय कोरले आहे आणि गावातली वयस्कर माणसे त्याविषयी काय सांगतात. छायाचित्रासाठी त्यावर खडू किंवा तेल चोळू नये, आणि ही नोंद पुरी होईपर्यंत कोणताही वीरगळ जागेवरून हलवू नये.