कळ कळायला हवी

साडेबाराच्या सुमारास शाळेची व्हॅन फाटकाशी थांबली, की दुसरीतला माझा भाचा धावतच घरात शिरतो. दप्तर दारात पडतं, बूट पायातच राहतात आणि संडासाचं दार लावण्याचंही त्याला भान नसतं. नंतर त्याची आई दप्तरातून डबा-बाटली काढते, तेव्हा सकाळी भरून दिलेली बाटली जवळजवळ तशीच असते. त्याच्या आजी कौतुकानं म्हणतात, "शहाणा आहे हो. शाळेत कधी जात नाही. घरी येईपर्यंत कळ काढतो."

आजींच्या बोलण्यात मायाच होती. पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना. सात वर्षांच्या मुलानं रोज पाच तास कळ काढायची, त्यासाठी पाणी प्यायचं टाळायचं, आणि आपण त्याला शहाणपण म्हणायचं?

मूल 'स्वतःचं स्वतः' जायला लागलं पाहिजे असं आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे हातांची कामं असतात. चड्डी काढणं, नीट बसणं, धुणं, पाणी टाकणं, हात धुणं. ही कामं शिकवावी लागतातच. पण त्यांच्या आधी एक गोष्ट घडते आणि ती कुणाला दिसत नाही. पोटातून निरोप येतो, मुलाला तो उमगतो आणि हातातलं सोडून ते उठतं. कळ यावी, ती कळावी आणि तिला मान मिळावा, एवढीच ती गोष्ट. ती मुलाच्या अंगवळणी पडली की बाकीचं सरावानं येतं. ती पडली नाही, तर उत्तम धुता येणारं मूलही आई मागे लागेपर्यंत उठत नाही.

हा निरोप येतो कसा, ते पाहू. मुलाच्या मूत्राशयात किती मावतं याचा डॉक्टरांचा एक ढोबळ हिशेब आहे: वयात एक मिळवायचा आणि 30नं गुणायचं. सात वर्षांच्या मुलाला हा हिशेब लावला तर 240 मिलिलिटर, म्हणजे पेलाभर. पिशवी भरत आली की ताण जाणवतो आणि मेंदूला खबर जाते. दिवसातून साधारण चार ते सात वेळा मुलानं लघवीला जावं. पाच तास न जाणारं मूल एक तर पाणी पीत नाही, नाही तर पाय आवळून बसतं.

शौचाचं थोडं वेगळं आहे. मळ आतड्याच्या शेवटच्या भागात, गुदाशयात उतरला की तिथली भिंत ताणली जाते आणि कळ येते. पण ती फार वेळ दारात उभी राहत नाही. मुलानं स्नायू आवळून धरले की काही वेळात ती ओसरते, आणि मुलाला वाटतं, गेली, सुटलो. मळ मात्र आतच असतो. आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, मळ घट्ट होतो, आणि दुसऱ्या दिवशी बसल्यावर दुखतं. एकदा दुखलं की मूल पुढच्या कळेला घाबरतं आणि आणखी आवळून धरतं. पडद्यामागे उभं राहणं, टाचा उंचावणं, पाय एकमेकांवर घट्ट दाबणं, चेहरा लाल होणं, हे पाहून आपल्याला वाटतं, मूल जोर करतंय. बहुतेक वेळा ते धरून ठेवत असतं.

असं महिनोन्महिने चाललं की गुदाशय सैल होऊन फुगतो. सतत ताणलेल्या भिंतीला ताण जाणवेनासा होतो आणि कळ येईनाशी होते. मग आत साचलेल्या घट्ट मळाच्या बाजूनं पातळ मळ झिरपतो आणि चड्डीला डाग लागतात. आई विचारते, "एवढा मोठा झालास, कळत नाही का?" मूल खाली मान घालतं. कारण खरोखरच त्याला कळत नाही. ज्या भिंतीनं सांगायचं तीच मुकी झालेली असते. अशा मुलाला 'आळशी', 'घाणेरडा' म्हणणं हा मोठा अन्याय आहे, आणि तो आपल्या कितीतरी घरांत न कळत होतो. वासामुळे वर्गातली मुलं लांब सरकतात, ते दुःख आणखी वेगळंच. याला उपाय आहेत. डॉक्टर मळ मऊ करणारं औषध देतात आणि ते पुष्कळदा काही महिने चालू ठेवावं लागतं. पोट साफ झालं म्हणून आठ दिवसांत औषध थांबवलं, तर सैल झालेलं आतडं पूर्ववत व्हायला सवडच मिळत नाही आणि सगळं फिरून पहिल्यापासून सुरू होतं.

आता आपलं वागणं तपासू. घरात मुलाची कळ बहुधा मोठ्यांच्या ताब्यात असते. "व्हॅन येईल, जाऊन ये." "गाडीत बसायचंय, जाऊन ये." प्रवासाआधी असं सांगणं चूक नाही. पण उठल्यापासून झोपेपर्यंत कधी जायचं ते आईच ठरवू लागली, की मुलाला पोटाकडे लक्ष देण्याची गरज राहत नाही. आणि शाळेत नेमकं उलटं होतं. कळ मुलाची असते, पण परवानगी बाईंची. करंगळी वर करून ते उभं राहतं आणि ऐकू येतं, "आत्ताच तर मधली सुट्टी झाली ना?" घरी कळ नसताना जायचं, शाळेत कळ असताना बसून राहायचं. मग स्वतःच्या शरीराचं ऐकायला ते शिकणार कुठे?

म्हणून कळ मुलाला परत द्यायची. ती देताना हुकुमाऐवजी वेळ द्यावी. पोटात अन्न पडलं की आतड्याची हालचाल वाढते, ही निसर्गाचीच योजना आहे. म्हणून सकाळच्या न्याहारीनंतर किंवा रात्रीच्या जेवणानंतर पाच-दहा मिनिटं निवांत बसवावं. शी झाली तर उत्तम, नाही झाली तरी बसल्याची शाबासकी. सकाळी व्हॅनची घाई असेल तर संध्याकाळची वेळ ठरवा. आणि मधल्या वेळात 'जाऊन ये' म्हणण्याऐवजी विचारून पाहा, "पोट काय म्हणतंय?" पहिले काही दिवस मूल सरळ "काही नाही" म्हणेल. हळूहळू उत्तर द्यायच्या आधी ते क्षणभर थांबू लागतं. त्या थांबण्यात ते पोटाचं ऐकत असतं.

बसणंही सुखाचं हवं. उकिडवं बसल्यावर गुदद्वाराशी वळसा घातलेला स्नायू सैल होतो आणि वाट सरळ होते. आपल्या जुन्या संडासात हे आपोआप घडत असे. कमोडवर सात वर्षांच्या मुलाचे पाय लोंबकळतात, ते दोन्ही हातांनी कडा धरून कसंबसं तोल सांभाळतं, आणि आवळलेल्या अंगानं शी होत नाही. पायांखाली एक उंचसा पाट ठेवा. गुडघे कमरेच्या थोडे वर आले, अंग किंचित पुढे झुकलं, की जोर लावावा लागत नाही. आहारात फळं, भाज्या, डाळी आणि दिवसभर पाणी हवं. दुधाचे पेलेच्या पेले पिऊन जेवण मागे पडत असेल, तर तेही पाहावं.

आता हातांची कामं. धुणं अवघड वाटतं, कारण मुलाला मागचं दिसत नाही आणि डाव्या हाताचा अंदाज येत नाही. याचा सराव आंघोळीच्या वेळी करून घ्यावा. उकिडवं बसवायचं, उजव्या हातात अर्धा भरलेला मग द्यायचा, पाणी कुठून सोडायचं आणि डावा हात कुठवर न्यायचा ते दाखवायचं. भरलेला मग लहान हाताला पेलवत नाही, म्हणून अर्धाच. मुलींना पुढून मागे धुवायला आवर्जून शिकवावं, म्हणजे मळ मूत्रमार्गाकडे जात नाही. शाळेच्या पँटचं हुक मुलाला स्वतः काढता येतं का, हेही घरी पाहून घ्या. घट्ट हुकापायी कितीतरी मुलं शाळेत जायचं टाळतात. इलॅस्टिकची पँट चालत असेल तर तीच द्यावी. शेवटी साबणानं हात धुणं, रोज, न चुकता.

शाळेचा वाटा मोठा आहे. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यानं मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं शाळेला बंधनकारक केली, आणि 2014 साली पंधरा ऑगस्टला लाल किल्ल्यावरच्या भाषणात हा विषय पंतप्रधानांनी मांडला. पण खोली बांधली म्हणजे मूल तिथे जाईलच असं नाही. कडी लागते का, नळाला पाणी आहे का, आत उजेड आहे का, मोठी मुलं दारावर धडका मारतात का, या प्रश्नांवर ते ठरतं. पालकसभेत आपण गुणांबद्दल तासभर बोलतो. दोन मिनिटं याबद्दलही बोलावं. आणि करंगळी वर दिसली की बाईंनी मुलाला जाऊ द्यावं, एवढं मागणं फार नाही.

रात्रीची गोष्ट वेगळी ठेवायला हवी. झोपेत कळ मुलापर्यंत पोचतच नाही, तेव्हा तिथे त्याच्या इच्छेचा प्रश्न येत नाही. सातव्या वर्षी शंभरांतली पाच ते दहा मुलं अंथरूण ओलं करतात, आणि पुष्कळदा आई किंवा वडिलांनाही लहानपणी तोच त्रास झालेला असतो. ओली चादर मुलाच्या मदतीनं शांतपणे बदलावी. पाहुण्यांसमोर विषय काढू नये. मात्र सहा-सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा भिजवू लागलं, फार तहान लागू लागली, लघवीला जळजळ झाली, शीतून रक्त गेलं, पोट फुगलं किंवा पायांत अशक्तपणा आला, तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये.

भाच्याच्या घरी आता कमोडपाशी पाट आला आहे. त्याच्या आईनं बाईंना भेटून सगळं सांगितलं. बाटली रोज रिकामी होत नाही, पण अर्ध्यावर येते. परवा दुपारी आम्ही कॅरम खेळत होतो. राणी खिशाच्या तोंडाशी, आणि पाळी त्याची. स्ट्रायकरवर बोट ठेवून तो क्षणभर थांबला, मग उठला आणि म्हणाला, "कुणी हलवू नका, आलोच."

आजी पलंगावरून बघत होत्या. कुठे निघालास, असं त्यांनी विचारलं नाही. तो ओले हात पँटला पुसत परत आला, तेव्हा राणी होती तिथेच होती.