भार हलका करणें व हाक मारणें

एखादें जड काम थोड्या माणसांवर येऊन पडलें म्हणजे एक प्रश्न उभा राहतो. शेजाऱ्यास हाक मारावी, कीं आपलें आपणच निभावून न्यावें? कोणी म्हणतात, हाक मारतो तो परावलंबी. कोणी म्हणतात, हाक मारीत नाहीं तो गर्विष्ठ. दोन्ही म्हणण्यांत कांहीं तथ्य आहे, तथापि तेवढ्यानें प्रश्न सुटत नाहीं. एका नावेच्या उदाहरणावरून आपण त्याचा विचार करूं.

अमेरिकेंत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर होबी आल्टर (1933–2014) नांवाचा एक कारागीर होऊन गेला. धक्का किंवा बंदर नसतांही वाळूवरूनच समुद्रांत लोटतां येईल अशी शिडाची जोडनाव त्यानें काढली. पहिली 14 फुटी नाव 1968 सालीं निघाली. पुढें 16 फुटी झाली, व ती देशोदेशीं पसरली. दोन अरुंद पोकळ नावा आडव्या दांड्यांनीं जोडलेल्या, मध्यें ताणलेलें कापड, व वर उंच डोलकाठी, अशी तिची रचना आहे. तिला कॅटमॅरन म्हणतात. हा शब्द मूळचा आपल्या देशांतील, तमिळ भाषेंतील आहे. कट्टुमरम् म्हणजे बांधलेलें लाकूड.

ह्या 16 फुटी नावेचें वजन सुमारें 145 किलो असतें. चौघे धट्टेकट्टे असले म्हणजे ती सहज उचलली जाते. परंतु सांजवेळीं किनारा ओस पडतो, माणसें दोनच उरतात, आणि भरती चढूं लागते. नाव तेथेंच सोडावी तर लाटा तिला आपटून फोडतील. घाईनें उचलावी तर कंबर कायमची जायची.

अशा वेळीं जाणता नावाडी एकदम नावेला हात घालीत नाहीं. ती कशानें जड झाली आहे हें तो आधीं पाहतो. पोकळ नावांच्या पोटांत पाणी झिरपून सांचलेलें असतें. बाहेरून तें दिसत नाहीं, परंतु 15 लिटर पाणी म्हणजे 15 किलो भार होय. मागच्या टोकाशीं बूच असतें. तें काढून पुढचें टोक उंच धरलें म्हणजे पाणी वाहून जातें. मग तो शीड उतरवितो, सामान बाहेर काढतो, आणि नंतर वाटेकडे पाहतो. पाण्याजवळची ओलसर वाळू घट्ट असते, वरची कोरडी वाळू पाय गिळते. म्हणून होईल तितकें अंतर तो ओल्या वाळूवरूनच कापतो. बारीक चाक वाळूंत रुततें, हें नदीच्या पात्रांत गाडी अडकलेली ज्यांनीं पाहिली आहे त्यांस सांगावयास नको. यासाठीं रुंद, फुगीर, कमी हवेचीं चाकें वापरतात. उंटाच्या पसरट पावलाप्रमाणें तीं भार पसरवितात. तीं समतोलाच्या जागेजवळ बसविलीं म्हणजे हातांवर थोडेंच वजन येतें. चाकें नसलीं तर एक टोक उचलून थोडें फिरवावें, तें टेकवून दुसरें फिरवावें. अशा रीतीनें नाव पावलापावलानें पुढें जाते. तमिळ किनाऱ्यावरील कोळी तर किनाऱ्यास लागल्यावर कट्टुमरमाचे दोर सोडून ओंडके वेगळे करीत व वाळत घालीत. जें एकत्र उचलवत नाहीं, तें सोडून उचलावें.

कोणी म्हणेल, युक्ति ही कष्ट चुकविण्याची पळवाट आहे. तसें नाहीं. सहा पदरी दोराच्या कप्प्यांनीं नाव ओढली तर जोर सुमारें सहावा हिस्सा लागतो खरा, परंतु सहा हात दोर ओढावा तेव्हां नाव एक हात सरकते. युक्ति काम माफ करीत नाहीं. अंगाला झेपेल असे त्याचे हप्ते पाडून देते.

आणि ही गोष्ट केवळ दुबळ्यांची नव्हे. इजिप्त देशांत ख्रिस्तापूर्वीं सुमारें 1900 वर्षांच्या काळांतील जेहुतिहोतेप नांवाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यांत एक चित्र आहे. त्यांत 172 माणसें एक प्रचंड पुतळा घसरगाड्यावरून ओढीत आहेत, आणि एक मनुष्य गाड्याच्या पुढें उभा राहून पाणी ओतीत आहे. आम्स्टरडॅम विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं 2014 सालीं प्रयोग करून दाखविलें कीं, वाळू योग्य प्रमाणांत ओली केली असतां ओढण्याचा जोर सुमारें निम्मा होतो. ज्याच्या पदरीं एवढीं माणसें होतीं, त्याच्या गाड्यापुढेंही पाणी ओतणारा एक होता. मग ज्याच्याजवळ दोनच माणसें आहेत त्यानें किती अधिक विचार करावा!

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. बूच न काढतां जो चौघांस हाक मारतो, तो त्यांच्याकडून आपल्या आळसाचें पाणी वाहवितो. हा अन्याय आहे, कारण त्यांच्याही कंबरा माणसांच्याच आहेत. कर्जांत बुडालेला मनुष्य भाऊबंदांपुढें हात पसरतो, परंतु मुलीच्या लग्नांतील वाजंत्री व जेवणावळी यांत एक पैसा कमी करीत नाहीं. त्यानेंही बूच तसेंच ठेविलें आहे. उलट, सारें हलकें करूनही जें एकट्यास उचलत नाहीं, त्यास जो हट्टानें झोंबतो, तो आपल्या देहाचा व आपल्यावर अवलंबून असणाऱ्यांचा अपराधी होतो. सर्व मंडळीचें काम एकट्याच्या खांद्यावर घेऊन अंथरुणास खिळणारा शिक्षक हा त्याचाच मासला.

किती युक्त्या केल्या तरी एक क्षण उरतोच. पुढचें टोक एकानें उचलून धरावें व दुसऱ्यानें चाकें खालीं सारावीं, त्या क्षणीं दुसरा हात हवाच. त्यासाठीं निःसंकोच हाक मारावी. तेथें मागणाऱ्यास लाज नाहीं आणि येणाऱ्यास जाच नाहीं. कारण त्याच्याकडून दिवसभराचें ओझें नव्हे, तर घटकाभराची सोबत मागितली जाते. अशी हाक ऐकूनही जो वाळूवर बसून पाहत राहतो, त्यास मात्र कोणतीही सबब उरत नाहीं.

म्हणून वाचकहो, पुढच्या वेळीं शेजाऱ्याचें दार ठोठावण्यापूर्वीं आपल्या नावेच्या पोटांत काय सांचलें आहे तें पाहावें. तें ओतून टाकावें, आणि मग मोकळ्या मनानें दार ठोठवावें.