तुंबलेली मोरी

दिवाळीच्या अंकात मोरीचा विषय काढणे कित्येकांना रुचणार नाही. पण वर्षातून ज्या दिवशी आपल्या मोरीवर सर्वांत मोठा भार पडतो तो दिवस नरकचतुर्दशीचा, हे ध्यानात घेतले म्हणजे विषय अगदी हंगामी आहे हे वाचकांना पटेल. पहाटेपासून घरातली पाच माणसे एकामागून एक अंगाला तेल चोपडून, उटणे लावून पाटावर बसतात. पाचव्याची पाळी येते तेव्हा पाणी घोट्यापर्यंत चढलेले असते. मग सणाचा पहिला वाद होतो तो चकलीवरून नव्हे, तर मोरी कोणी तुंबवली यावरून.

हा वाद दिसतो तितका पोरकट नाही. मोरी एका दिवसात तुंबत नाही. जळगावात आमच्या आळीतले बोअरिंगचे पाणी जड. त्यातला क्षार साबणाशी मिळून एक चिकट पांढरी साय धरतो. ही साय तेलाला धरून ठेवते, तेल केसाला, आणि केस उटण्याच्या चोथ्याला. त्यात आईचे चार पांढरे केस असतात, मुलीच्या वेणीतला एखादा लांबसडक असतो, माझे आखूड असतात. यांतल्या नेमक्या कोणत्या केसाने पाणी अडले? 'माझ्या एका केसाने काय होणार?' असे प्रत्येकजण म्हणतो आणि ते खोटे नसते. प्रत्येकाचे म्हणणे खरे आणि मोरी तर तुंबलेली! असला 'केस' कोणत्याही कोर्टात उभा राहायचा नाही. शाळेत वर्गातले कागदाचे बोळे कोणी टाकले असे विचारले की चाळीस मुले खरेपणाने माना हलवतात, त्यातलाच हा प्रकार.

लहानपणी आम्ही धुळ्याला राहत असू. तिथल्या घरात मोरीचे पाणी परसातल्या अळूच्या वाफ्यात जाई. ते कुठे जाते हे सर्वांना दिसे. अडले तर आधी अळूची पाने माना टाकीत, आणि आजी काडी घेऊन मोरीशी बसे. आता पाणी फरशीखाली नाहीसे होते. जाळीखाली जी वाकडी वाटी असते तिला बांधकामवाले 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपली न्हाणी अशी इंग्रजी पुस्तकांतही जाऊन बसली आहे! वाकड्या नळीची युक्ती तशी जुनी. लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली शौचकूपासाठी तिचे पेटंट घेतले. वाकणात थोडे पाणी कायम अडून राहते, आणि तेच पाणी गटाराचा वास घरात येऊ देत नाही. (वाकड्या नळावरून आठवले : १८८४ साली नोकरीला लागलेल्या विश्वेश्वरय्यांचे सुरुवातीचे एक काम म्हणजे आमच्या धुळ्याकडे पांझरेवर बांधलेला नळांचा सायफन. धुळेकर ही गोष्ट पाहुण्यांना आवर्जून सांगतात.)

गेल्या वर्षी पाणी अजिबात हलेना तेव्हा आम्ही नळकाम करणाऱ्या एका अप्पांना बोलावले. त्यांनी जाळी काढली, हात घातला आणि अहिराणीत म्हणाले, "गुरुजी, यामा नुसता केस शेतस." गोळा बाहेर आला तशी मुलीने नाकाला ओढणी लावली. तासाभरापूर्वी आरशासमोर तिने जे केस कौतुकाने विंचरले होते, त्यांचेच भाऊबंद ते! डोक्यावर असताना जे आपले, ते फरशीखाली गेल्यावर परक्याचे कधी झाले?

अप्पांना चहा दिला तो आमच्याच कपातून. शेजारच्या घरी अशा माणसासाठी खिडकीत कान तुटलेला वेगळा कप असतो. त्या घरची माणसे वाईट नाहीत. अडीअडचणीला रात्री धावून येतात. म्हणूनच तो कप मला अधिक खुपतो.

माझे एक सहशिक्षक म्हणाले, "तुम्ही स्वतःच मोरीत हात घालू लागलात तर त्या गरिबाचे पोट कसे भरणार?" हा युक्तिवाद वरवर दयाळू आहे. पण अप्पांना येते काय? फरशीचा उतार कुठे चुकला, सांधा कुठे झिरपतो, चेंबर कोणत्या भिंतीमागे आहे, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळते. त्या विद्येचे पैसे मोजावेत, आणि घासाघीस न करता मोजावेत. पण आपल्याला आपल्याच केसांची किळस येते म्हणून जे पैसे आपण देतो, ते विद्येचे मोल नव्हे. त्या पैशातून आपण एक माणूस किळसेच्या पलीकडच्या बाजूला उभा करतो, आणि मग त्याला वेगळा कप लागतो. हीच रीत रस्त्याखालच्या गटारापर्यंत जाते. माणसाला संरक्षक साधनांवाचून तिथे उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे; तरी माणसे गुदमरून मरतात. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख रुपये ठरवली. रक्कम ठरवावी लागली, यातच काय ते आले.

खानदेशाला विनोबांचा अभिमान आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे आमच्या शाळेतले प्रत्येक मूल सांगेल. हेच विनोबा पुढे पवनारहून खांद्यावर फावडे टाकून सुरगावला मैला साफ करायला जात. हे मात्र क्वचितच कोणी सांगतो. प्रवचनांची प्रत घरात ठेवायला सोपी, फावडे अवघड.

कोणी म्हणेल, कॉस्टिक सोडा ओता, म्हणजे कोणालाच हात घालायला नको. सोडा तेलाचा साबण करतो, केसही विरघळवतो, हे खरे. पण पाण्यात पडताच तो तापतो, उडाला तर डोळा जातो; आणि गोळा सुटला नाही तर ते तिखट पाणी वाकणात तसेच दबा धरून बसते. दुसऱ्या दिवशी जाळी काढणाऱ्याला ते कोण सांगणार? म्हणून आमच्या घरात तो डबा येऊ दिलेला नाही.

त्याऐवजी यंदा बारीक भोकांची जाळी बसवली आहे. अंघोळ झाली की ज्याने त्याने जाळीवरचे केस वर्तमानपत्राच्या तुकड्यात उचलायचे, असे ठरले. मुलगी कुरकुरते, कारण तिचे केस सर्वांत लांब. आईला वाकता येत नाही; तिचा वाटा आम्ही पाळीने उचलतो. अप्पांना हे सांगितले तेव्हा ते हसले. नव्या वसाहतीत नळ बसवण्याची इतकी कामे हाती आहेत की दिवाळीआधी त्यांना सवडच नाही. मात्र आमच्या फरशीचा उतार चुकला आहे, तो भाऊबीज झाल्यावर ते येऊन दुरुस्त करणार आहेत.