फणस पाडायचा का?

मे महिन्याचा उत्तरार्ध लागला की कोकणातल्या घराघरांत एक प्रश्न निघतो. मुंबईहून चाकरमानी आलेले असतात, कौलं चाळायचं काम चालू असतं आणि अंगणात बसलेल्यांपैकी कुणीतरी वर बघून म्हणतं, "हे झाड यंदा पाडून टाकूया का?" झाड बहुधा फणसाचं असतं, नाहीतर रायवळ आंब्याचं. घराच्या वयाचं किंवा घराहूनही थोरलं. लाकडाचा व्यापारी त्याच दिवसांत गावातून फिरत असतो, त्यामुळे प्रश्नाचं उत्तर एका दुपारीत ठरूनही जातं.

झाड घरावर पडेल ही भीती खोटी नाही. इथली हवा सम आणि दमट, कडाक्याची थंडी कधी पडत नाही आणि रत्नागिरीसारख्या ठिकाणी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. अशा हवेत झाड जोमानं वाढतं आणि एकदा कुजायला लागलं की तितक्याच जोमानं कुजतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, दापोली-मंडणगडपर्यंत आंबे-फणस उन्मळले. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. घरावर झाड मोडताना ज्यांनी ऐकलं आहे, त्यांना पर्यावरणाचे धडे देण्याचा अधिकार मला नाही.

पण वादळानंतर मी गावोगाव आणखी एक गोष्ट पाहिली. उभी राहिलेली झाडंही माणसांनी पाडली. ज्या झाडानं ताशी शंभर किलोमीटरच्या वरचं वारं सोसलं, त्याची परीक्षा तर नुकतीच झाली होती. तरी ते गेलं, कारण शेजारचं पडलं होतं. ही गोष्ट मला अन्यायाची वाटते.

घराजवळचं जुनं झाड धोक्याचं कशानं होतं, हे जरा जवळून पाहू. आपली समजूत अशी की झाड जितकं उंच तितकी त्याची मुळं खोल. जांभ्याच्या जमिनीत तर हे मुळीच खरं नाही. मातीचा थर हात-दीड हाताचा, खाली कातळ. मुळं खोल न जाता आडवी पसरतात, फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे जातात. हवा घेणारी आणि झाडाला धरून ठेवणारी मुळं ही अशी पायाखाली असतात. आता एखाद्या घराचं अंगण डोळ्यांसमोर आणा. आधी सारवलेलं खळं होतं. मग तिथे दोन फूट भराव पडला, खोडाचा बुंधा मातीत गाडला गेला, वर पेव्हर ब्लॉक आले, तेही अगदी सालीला भिडवून. मागच्या बाजूला नवीन न्हाणीघराच्या पायासाठी जेसीबीनं चर मारला, त्यात मांडीएवढी जाड मुळं तुटली. ती तुटली नैऋत्येला, म्हणजे पावसाळी वारा जिकडून येतो नेमकी त्या बाजूला. फणसाला तर मुळाशी साचलेलं पाणी मुळीच सोसत नाही. अशा झाडाची पानं वरून पहिले दोन-तीन पावसाळे हिरवी दिसतात. नंतर एका आषाढात ते कलतं आणि आपण म्हणतो, जुनं झालं होतं.

फांद्यांचं तसंच. घरावर येते म्हणून फांदी अर्ध्यात तोडली जाते, किंवा सगळा शेंडाच उडवला जातो. उघड्या लाकडात पाणी मुरतं, बुरशी शिरते. तोडलेल्या टोकाजवळून धुमारे फुटतात, ते वरच्या वर चिकटलेले असतात आणि जाड झाले की वाऱ्यानं सहज निखळतात. म्हणजे धोका घालवायला केलेल्या तोडीतूनच पाच-सात वर्षांनी नवा धोका तयार होतो. अमेरिकेतले वृक्षशास्त्रज्ञ अॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी-आडवी चिरून पाहिली आणि सांगितलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड कुजक्या भागाभोवती आतून भिंत घालतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवतं. ही भिंत नीट उभी राहते ती फांदी तिच्या मुळाशी, जिथे खोडाचा फुगीर गळा असतो, त्याच्या लगत बाहेरून कापली तरच. गळा सोलून खोडाशी सपाट कापली तरी वाईट, खुंट ठेवला तरी वाईट. जड फांदी आधी खालून थोडी चिरावी, मग थोडं पुढे वरून कापून भार उतरवावा आणि शेवटी गळ्याजवळचा काप घ्यावा, म्हणजे साल फाटत खाली येत नाही. कापावर बोर्डो पेस्ट जरूर लावावी, पण चुकीच्या जागी कापलेली फांदी तिच्यानं सुधारत नाही. ढोलीत सिमेंट तर कधीच भरू नये. मोठी छाटणी पाऊस सरल्यावर करावी, वाळकी फांदी मात्र मे सरायच्या आत उतरवलेली बरी. आंब्यावर बांडगूळ असेल तर त्याची फळं पिकण्याआधी ते फांदीच्या तुकड्यासकट काढायला हवं, नाहीतर फुलटोचे त्याचं चिकट बी पुढच्या फांदीवर नेऊन पुसतात.

कोणतं झाड खरोखर धोक्याचं आहे, हेही पाहता येतं. वर्षानुवर्षं कललेलं झाड वेगळं आणि यंदाच कलू लागलेलं वेगळं. दुसऱ्याच्या मागच्या बाजूची जमीन उचलली जाते, तिला भेग पडते. बुंध्याशी फळीसारखी कठीण अळंबी आली असेल तर आत कूज आहे असं धरावं. नुसती ढोली आहे म्हणून झाड मेलेलं नसतं. झाडाचा जिवंत भाग सालीलगत असतो आणि भोवतीचं लाकूड जाड व घट्ट असेल तर पोकळ खोडही खंबीर उभं राहतं. त्या ढोलीत पिंगळा असतो, डोंगराकडच्या गावात धनेशाची मादीही असते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठीही रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत असं सांगितलं आहे, हे शाळेपासून आपण ऐकत आलो. त्याच्या पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. झाड जीर्ण होऊन कामातून गेलं असेल तर ते तोडायला तिथे मुभा आहे, मात्र धन्याला राजी करून, मोबदला देऊन, बळजबरी न करता. मला हा भाग पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. झाड अमर आहे असा आव त्यात नाही, पण ज्यानं ते वाढवलं त्याच्या मनाचा विचार आहे.

मग घराजवळच्या झाडाचा धनी कोण? सातबाऱ्यावर चार भावांची, दोन बहिणींची नावं असतील. सामाईक फणसाचे वाटे तर गऱ्यांपर्यंत मोजले जातात. माझ्या ओळखीच्या एका घरात मुलगा दरवर्षी फोनवर सांगतो, "आई, तो फणस पाडून घे, जुलैत मला इथे झोप लागत नाही." आईचं उत्तर ठरलेलं आहे. "मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्याच्याखाली झोपत्ये. तू येऊन बघ, मग बोल." मुलगा निष्ठुर नाही. आई एकटी आहे, रात्री काही झालं तर उचलायला कुणी नाही, हे तो जाणतो. पण पानं रोज ती झाडते, कुठली फांदी यंदा पालवली नाही हे तिला ठाऊक आहे, वैशाखात सावली तिला लागते. निर्णयाचा पहिला हक्क मी तिला देईन. माझ्या मते हा हक्क झाडाखाली राहणाऱ्याचा आहे आणि दूर राहणाऱ्याकडे त्या झाडाची काही देणी आहेत. चिंता हे त्यातलं एक, पण तेवढ्यावर भागत नाही. दरवर्षी कौलांचे पैसे पाठवतो तसे झाड तपासायचे, वाळकं उतरवायचे पैसे पाठवायला हवेत. अंगणात फरशी घालताना बुंध्याभोवती निदान चार हात माती मोकळी सोडायला हवी. आणि तिनंच एखाद्या वर्षी "आता पाडूया" म्हटलं, तर तिला झाडाचं महत्त्व सांगत बसू नये. आंबा आणि फणस १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, तेव्हा परवानगीची खटपट आपण अंगावर घ्यावी.

झाडावर चढणाऱ्या माणसाचा विचार या सगळ्यात कुणीच करत नाही, आणि त्याचा मला फार राग येतो. कौलांवरची फांदी उतरवायला आपण पन्नाशीच्या गड्याला कमरेला कोयता लावून, ओल्या सालीवर, बिनदोराचा वर धाडतो आणि खालून "अजून जरा पुढे जा" म्हणतो. आपल्या घरावरचा धोका आपण त्याच्या अंगावर ढकललेला असतो. तो पडला तर त्याच्या घरचं कोण बघणार, हे कुणी विचारलेलं नसतं. जाड दोरखंड आणि कमरपट्टा आपल्या खर्चानं आणावा, फांदी दोरानं बांधून सावकाश खाली घ्यावी, मजुरी जोखमीच्या हिशेबानं द्यावी. पाऊस सुरू झालेला असेल तर त्याला त्या दिवशी चढवू नये.