दान आणि पंगत



आमच्या मांजरसुंब्याच्या चौकातून केज, अंबाजोगाई, अहमदपूर करीत नांदेडला जाता येते. त्या वाटेने मी एकदा हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात गेलो. गुरू गोविंदसिंगांचा अंत १७०८ साली नांदेडला झाला. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक.

लंगरात जेवायला बसलो. नाव, गाव, जात कोणी विचारली नाही. तेथे पोळी दोन्ही हात पुढे करून घ्यायची असते. माझे हात क्षणभर अडखळले. माझ्या आजीने असेच हात पुढे करून वाड्याच्या पायरीखाली भाकरी घेतली होती. ती भाकरी वरून टाकलेली असे. पण माझ्या शेजारच्या सधन गृहस्थानेही तसेच हात पुढे केले, आणि वाढणारा नंतर त्याच रांगेत येऊन बसला.

भाकरी तीच, हात तेच. मग एक दान आणि दुसरा अपमान का? कारण वाड्याच्या दानात देणारा वर राहतो आणि घेणाऱ्याने खालीच राहावे अशी त्याची इच्छा असते. असल्या दानाने पोट भरते, पण माणूस उभा राहत नाही. गुरू नानकांपासून चालत आलेल्या लंगराने पंगत एक केली. २०२०च्या टाळेबंदीत यवतमाळ जिल्ह्यातील करंजीच्या लंगराने रस्त्याने पायी निघालेल्या मजुरांना जेवू घातले, तेही याच भावनेने.

परंतु एक पंगतही आपोआप टिकत नाही. १२ ऑक्टोबर १९२० रोजी अमृतसरला नुकतेच शीख झालेले अस्पृश्य प्रसाद घेऊन दरबार साहिबात गेले, तेव्हा पुजाऱ्यांनी तो स्वीकारण्यास नकार दिला. इतर शीख त्यांच्या बाजूने उभे राहिले, म्हणून तो स्वीकारला गेला. आजही पंजाबातील कित्येक गावांत जातवार वेगळे गुरुद्वारे आहेत. बाबासाहेबांनीही १९३६ साली शीख धर्माचा गंभीरपणे विचार केला होता. १९५६ साली त्यांनी आपल्याला बुद्धाच्या धम्मात आणले.

आता प्रश्न आपल्याला आहे. विजयादशमीला विहारात आपण जेवण करतो. त्याच सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे कोयते बांधून निघण्याच्या तयारीत असतात. त्यांत मातंग असतात, वंजारी असतात, भटके असतात. त्यांना आपण आपल्या पंगतीत बोलावतो का? की उरलेले अन्न पातेल्यात घालून त्यांच्या पालावर पाठवतो? पाठवत असू, तर वाड्याची ती पायरी आपणच पुन्हा बांधली असे होईल.

दानपारमितेचा आरंभ धान्याच्या पोत्याने होत नाही. शेजारी जागा करून देण्याने होतो. या वर्षी पंगत एकच मांडा. वाढायला प्रथम विहाराच्या अध्यक्षांनी उभे राहावे, आणि शेवटी त्याच पंगतीत बसावे.

जय भीम! नमो बुद्धाय!